खंडूआप्पांचं उघडं दार

आमच्या दिघीत संध्याकाळ झाली की सगळी सोसायटी दारं-खिडक्या गच्च लावून घेते. डासच तसले आहेत. एकदा घरात शिरले की जावयासारखे मुक्काम ठोकतात. फक्त आमच्या समोरच्या फ्लॅटचं दार नेमकं त्याच वेळेला सताड उघडतं. ते खंडूआप्पांचं. त्यांची आरती संपेपर्यंत ते लागत नाही. डास त्यांच्याकडे शिरतात, तिथून आमच्याकडे येतात, मागोमाग कापराचा धूर येतो, आणि एकदा तर खालचं भटकं कुत्रं आत शिरून नैवेद्याचा शिरा चाटूनपुसून आलं. मी तणतणत गेले. आप्पा शांतपणे वाटी विसळत होते. म्हणाले, "त्याला भूक लागली व्हती. देवानं तक्रार केली न्हाई, तुमी कशाला करताय ताई?"

सेक्रेटरीनं समजावून पाहिलं, मी भांडून पाहिलं, दार काही लागलं नाही. एवढा हट्टी माणूस मी माझ्या सासरीसुद्धा पाहिला नाही, आणि माझं सासर काय चीज आहे ते मला विचारा.

ही सोसायटी उभी आहे ती आप्पांच्याच ज्वारीच्या रानावर. जमीन दिली आणि बदल्यात फ्लॅट घेतले. मुलगा सचिन, सून आणि सीनियर केजीतली नात ओवी तिसऱ्या मजल्यावर राहतात, आप्पा पहिल्यावर एकटे. बायको गेल्यावर सुनेनं वर राहायला बोलावलं, तर म्हणाले, "माझे देव पहाटेच उठत्यात. तुमची झोपमोड नको."

देव उठतात म्हणजे खरंच उठतात हो. थंडीत खंडोबाच्या अंघोळीचं पाणी आप्पा आधी कोपर बुडवून बघतात. लाइट गेली की देवघरासमोर बसून पुठ्ठ्यानं वारा घालतात. लिफ्ट बंद पडली तर आधी देवाला कळवतात, मग सेक्रेटरीला. चष्मा सापडेना झाला की दमसुद्धा देवालाच: "तुझ्याम्होरं ठेवला व्हता. ध्यान कुठं असतंय तुझं?"

अशा या माणसाचं एका शब्दाशी मात्र हाडवैर आहे, तो शब्द म्हणजे तास. सोसायटीत कुणी कसलाही क्लास काढला की आप्पा मान हलवतात आणि म्हणतात, "तास लावला की खेळ खल्लास." आमच्याकडे मुलांसाठी पोहण्याचा क्लास सुरू झाला तेव्हा माझा मुलगा रोज पोट दुखतंय म्हणून झोपून राहायचा. आप्पांना कळलं तर म्हणाले, "आमची आई काठी घिऊन यायची तवा आमी हिरीतनं भायेर निघायचो. का? तिथं शिट्टी वाजवायला सर नव्हता." मी चिडले, कारण फी आगाऊ भरली होती आणि म्हातारा खरं बोलत होता.

त्यांच्या उंबऱ्याच्या आत एका स्टुलावर टाळांची एक जोडी असते, अगदी लहान मुलांच्या हातात मावेल एवढी. रोज पुसून लख्ख. ही कुणासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. "असू द्या," म्हणाले आणि लगेच पाण्याच्या टँकरचा विषय काढला.

तर यंदा आमच्या गल्लीतल्या शाळेनं ग्रुपवर टाकलं की केजीच्या मुलांना आठवड्यातून दोनदा धर्माचा तास असेल. स्तोत्रं, देवादिकांच्या गोष्टी, शेवटी तोंडी परीक्षा आणि पास होणाऱ्याला मेडल. पालकांची मतं घ्यायला शनिवारी मीटिंग ठेवली. शाळेचं मैदान आप्पांनी दिलेल्या जागेवर, त्यात गळ्यात माळ, कपाळाला भंडारा. प्रिन्सिपल मॅडमनी त्यांना अध्यक्षच करून टाकलं. यांचा होकार गृहीतच धरला होता.

मी पदर खोचूनच गेले होते. उभी राहिले आणि विचारलं की वर्गात केरळच्या नर्सबाईंची मुलगी आहे, वेल्डर सलीमभाईंचा मुलगा आहे, मग धर्म नेमका कुणाचा शिकवणार, आणि त्या वेळात ही मुलं बसणार कुठे? मॅडम म्हणाल्या, त्यांना ड्रॉइंगला बसवू. मी म्हटलं, पाच वर्षांच्या लेकराला उठवून दुसरीकडे बसवलं की त्याला काय समजायचं ते समजतं. त्यावर मागून एक गृहस्थ म्हणाले की मुलं मोबाइलपायी हाताबाहेर चालली आहेत, धर्म शाळेत नाही शिकवायचा तर कुठे शिकवायचा? टाळ्या त्यांना पडल्या.

मग सचिन उठला. चाकणच्या कंपनीत सुपरवायझर आहे, शिफ्ट करून थेट आला होता, अंगावर कंपनीचाच शर्ट. म्हणाला, "आम्ही दोघंही नोकरीला. पोरीला चार चांगल्या गोष्टी याव्यात असं आम्हालाही वाटतं. पण घरी शिकवायला आहे कोण?"

घरी कोण आहे ते समोरच्या खुर्चीवर बसलं होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. मला तर सचिनला तिथेच चार शब्द ऐकवावेसे वाटले.

आप्पा उठले. माईक बाजूला सारला.

"बराबर बोलतोय त्यो," म्हणाले. "मीच शिकवणार न्हाई. ह्याला शिकवलं व्हतं मी. रोज सांजंला तास. ह्याचे दोस्त खाली इटीदांडू खेळायचे आन हा माझ्याम्होरं मांडी घालून. शब्द चुकला की पट्टी. सगळं पाठ झालं ह्याचं, एक अक्षर इकडचं तिकडं न्हाई. आन कंपनीत लागला त्या दिसापासनं देवापुढं उभा राहिला न्हाई. पोरगं देवाला भ्यालं न्हाई, मला भ्यालं. त्यात देवाचं नाव खराब झालं. आता पोरीला माझ्याकडं धाडायला त्याला भ्या वाटतंय. ते बी बराबरच हाय."

सचिन खाली बघत होता. मॅडम म्हणाल्या की आमच्या शाळेत पट्टी नसते हो, आम्ही खेळातून शिकवू.

"मेडल हाय न्हवं? मग एकाला मिळणार, एकाला न्हाई," आप्पा म्हणाले. "ज्याला मिळालं न्हाई त्यो रडत घरी जाणार, देवाच्या नावानं. गणिताच्या नावानं रडू द्या, चालंल. पोरांना देव घरात दिसू द्या. बघून बघून आवडला तर येत्याल जवळ. न्हाई आवडला तर ऱ्हायलं. पर ह्या वयात तास लावू नका. माझं मत ह्याला न्हाई."

मतं घ्यायची वेळ आली तेव्हा तासाच्या बाजूनं हात कमीच वर गेले. टाळ्या मिळवणारे गृहस्थ कुरकुरत राहिले, मॅडमनी विषय पुढच्या वर्षावर ढकलला. सचिन कुणाशी न बोलता निघून गेला. येताना मी आप्पांना म्हटलं, तुम्ही ओवीला एकदा हाक का मारत नाही? आजोबाच आहात ना.

"न्हाई ताई," म्हणाले. "हाक मारली की तास झाला. दार उघडं ठेवतो. तेवढंच माझ्या हातात हाय."

आणि मी वेडी वर्षभर डासांवरून भांडत होते.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी कणीक मळत होते. समोर आरती चालू होती, रोजचाच तो घोगरा आवाज. मध्येच टाळ वाजायला लागले, तेही भलत्याच तालात. पिठाच्या हातानं मी दार उघडलं. ओवी उंबऱ्याच्या आत उभी राहून ते छोटे टाळ बडवत होती, जीव खाऊन. मागे सचिन, कंपनीच्या शर्टात, बूट घालून, उंबऱ्याच्या बाहेर. गात नव्हता. पण ओठ हलत होते, आणि एक शब्द चुकत नव्हता.

आप्पा पाठमोरे. पण त्यांना कळलं होतं. आरती संपली तशी त्यांनी दुसरी धरली. ती संपली, तिसरी. मग गणपतीची, मग देवीची, ज्यांचा सण नाही त्यांचीसुद्धा. कापूर कधीच विझला होता. मान वळवून एकदाही मागे पाहिलं नाही त्यांनी. आपण बघितलं आणि पोरगी लाजून पळाली तर, ही भीती.

मी माझंही दार उघडंच ठेवलं आणि पोळ्या लाटायला गेले. त्या रात्री आम्हाला डास फार चावले.