पुन्हा मोजा

"दोन गावांची पोती एका टेबलावर कधी ठेवायची नाहीत," बोडिलने इंगुनला बजावलं होतं. बोडिल म्हणजे इंगुनची सासू. टपाल कचेरीत एकतीस वर्षं पत्रं निवडून निवृत्त झालेली. "घाईच्या दिवशी हात आपला राहत नाही, पोरी. मग पत्र जायचं तिथे जात नाही, आणि जिथे जाऊ नये तिथे मात्र अगदी वेळेवर पोचतं."

इंगुनने ते हसण्यावारी नेलं. तिच्याकडे पोती नव्हती आणि टेबलही नव्हतं. मांडीवर एक लॅपटॉप होता, आणि खांद्यावर दात येत असलेला सात महिन्यांचा ब्रागे. "बोडिल, हे सगळं आता यंत्र करतं. मी फक्त यादी निवडते आणि तारीख टाकते."

"यादी कोण निवडतं? तूच ना?" बोडिल म्हणाली आणि पुन्हा विणायला लागली.

इंगुनचा धंदा पत्रांचाच होता. सप्टेंबरात बाळंत झालेल्या चारशे आयांचा एक ऑनलाइन गट होता, त्यातलीच ती एक. बायका रोज फिरून फिरून तेच प्रश्न विचारत. इंगुनने ते वहीत उतरवून घेतले, आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेकडून उत्तरं तपासून घेतली आणि 'पहिलं वर्ष' नावाची पत्रमाला काढली. वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकीला दर गुरुवारी सकाळी दहाला एक पत्र. ते चाललं, तसा तिला हुरूप आला. ईस्टर तोंडावर होता, आणि ईस्टरच्या सुट्टीत माणसाला संत्री लागतात, चॉकलेट लागतं आणि खून लागतो, म्हणजे वाचायला; तिकडचा रिवाजच तो. म्हणून डोंगरात सुट्टीची लाकडी घरं असणाऱ्यांच्या एका गटासाठी तिने दुसरी माला लिहिली: 'बर्फातला पाहुणा'. पाच निनावी पत्रं, सोमवारपर्यंत खुनी ओळखायचा. पहिल्या पत्राची सुरुवात तिने तीन तऱ्हांनी लिहून बोडिलला वाचून दाखवली होती. जी ऐकून बोडिलने विणकाम खाली ठेवलं, ती निवडली.

बुधवारी ब्रागे दिवसभर किंचाळत होता. नवरा, गाउते, समुद्रातल्या तेलविहिरीवर दोन आठवड्यांच्या पाळीवर होता. इंगुनने एका बोटाने दोन्ही पत्रांच्या तारखा टाकल्या, याद्या निवडल्या आणि लॅपटॉप मिटला.

गुरुवारपासून ईस्टरची सुट्टी होती. दहा वाजता ब्रागे, तिकडच्या सगळ्या बाळांसारखा, बाहेर व्हरांड्यात, उणे सहा अंशांत, लोकरीच्या पिशवीत गुरफटून बाबागाडीत गाढ झोपला होता. बर्फावर ऊन इतकं लख्ख पडलं होतं की डोळे मिटून घ्यावेसे वाटत होते. इंगुन कॉफीचा कप घेऊन आकडे बघायला बसली. एरवी तिचं पत्र दहातल्या चारजणी उघडत. आज दहा मिनिटांत शंभरातल्या सत्त्याण्णव जणींनी उघडलं होतं. ती अर्धं मिनिट, अगदी मनापासून, खूश झाली.

मग उत्तरं यायला लागली.

"तू कोण आहेस?"

"बाळाला आत आणलंय. दाराला कडी घातलीय. आता काय करू?"

"आम्ही घरात चारच जण आहोत. चारच असायला पाहिजेत ना?"

इंगुनने आयांना गेलेलं पत्र उघडलं.

'तुमच्यापैकी एकजण बाहेर बर्फात झोपला आहे. त्याला हलवू नका. मी सकाळपासून झाडीतून तुमच्या घराकडे बघतो आहे. तुम्हाला वाटतं सगळे जागच्या जागी आहेत. पुन्हा मोजा.'

हे आपणच लिहिलंय, मागच्या मंगळवारी, वॅफल खाता खाता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती उठली आणि व्हरांड्यात गेली. बाबागाडीत एकच ब्रागे होता. तिने दोनदा मोजला.

"बोडिल! पत्रं उलटीसुलटी गेली!"

बोडिलने चष्मा वर केला. 'मी सांगितलं होतं' असं ती म्हणाली नाही. तिचा चेहराच ते म्हणाला. "मग आयांचं पत्र कुठे गेलं?"

ते गेलं होतं डोंगरातल्या लाकडी घरांत. 'तो आता सात महिन्यांचा झाला,' ईस्टरचा खून शोधायला शेकोटीभोवती जमलेल्या मंडळींनी वाचलं होतं. 'आता तो जमिनीवरून सरपटू लागेल. जे सापडेल ते तोंडात घालेल, म्हणून खालच्या बारीक वस्तू आजच उचला. तो अचानक ओरडत उठेल. तेव्हा दिवा लावू नका, बोलू नका. जवळ जा आणि पाठीवर हात ठेवून शांत बसा. गाजर उकडून, कुस्करून द्या. मग तीन दिवस वाट बघा.'

त्यावर हालवार नावाच्या निवृत्त हेडमास्तरांचं उत्तर आलं होतं. "इंगुन, काटा आला अंगावर! आम्ही बारा जण आहोत. जमीन साफ केलीय. माझ्या मेव्हण्याला आत्ताच टेबलाखालून काहीतरी जाताना दिसलं. तो आता सोफ्यावर पाय वर घेऊन बसलाय आणि खाली उतरायला तयार नाही. गाजरात काय घातलंय, तेवढं सुचव ना!"

इंगुनने घाईघाईने दोन्ही याद्यांना एकच ओळ पाठवली: 'माफ करा, आधीचं पत्र तुमच्यासाठी नव्हतं.'

तिथे तिने आगीत तेल ओतलं. खुनाची मंडळी म्हणाली, वा, म्हणजे तो सरपटणारा दुसऱ्याच कुणाच्या घरात आहे. आया म्हणाल्या, आमच्यासाठी नव्हतं, मग कुणासाठी होतं? ज्या बाईच्या घराकडे कुणी झाडीतून बघतंय, ती आहे कोण? तिला कुणी सांगितलंय का?

इंगुन एकेकीला उत्तर देत होती. 'चूक झाली, खेळ होता, खेळ होता.' तेवढ्यात मधलंच एक उत्तर तिच्या नजरेला पडलं. दहा वाजून चौदा मिनिटांनी आलेलं. आयांच्या गटातल्या योरुनचं.

"तुला कसं कळलं? मोजले. एक कमी आहे."

"हिला जुळी आहेत," इंगुन म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "नवरा उत्तरेला मासेमारीच्या बोटीवर असतो. एकटी राहते. पलीकडच्या तळ्यापाशी."

"फोन लाव."

लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेला तर बाहेरच्या निवांत उन्हात तो फोन तिकडे, त्या घरात, टेबलावर एकटाच वाजतोय असं इंगुनला दिसायला लागलं. तिने रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला. गाडी निघाली, पण खिंडीच्या दुसऱ्या बाजूने येणार, तासभर तरी लागेल. इंगुनला स्वतःला जायचं तर खिंडीतून बर्फ उपसणाऱ्या गाडीमागे रांगेनेच सोडत होते, आणि पुढची रांग अकराला सुटणार होती.

"त्या तळ्याजवळ आणखी कुणी राहतं का?" बोडिलने विचारलं.

इंगुनने हालवारचा पत्ता बघितला. तळ्याच्या अलीकडच्या काठाला त्यांचं लाकडी घर होतं, स्कीवरून चार किलोमीटर. तिने लिहिलं: 'तळ्याच्या उत्तर टोकाला लाल घर आहे. आत्ताच्या आत्ता तिथे जा. बाई आणि दोन बाळं असतील, सगळे आहेत का बघा. हा खेळ नाही.'

मिनिटभरात उत्तर आलं. "'हा खेळ नाही'! वा वा, काय लिहितेस! निघालो. बारा जण."

"अगं, त्यांना खरंच वाटत नाहीये!" इंगुन रडकुंडीला आली. तिने हालवारला फोन लावला. त्याने उचलला नाही.

"निघालेत ना?" बोडिल बूट चढवत होती. "काय वाटायचं ते वाटू दे. पोराला गाडीत घाल."

रांगेत त्यांच्या पुढे सतरा गाड्या होत्या, टपांवर स्की बांधलेल्या. आतली माणसं संत्री सोलत होती आणि मुलं काचेतून जीभ काढून दाखवत होती. दोन्ही बाजूंना गाडीपेक्षा उंच बर्फाच्या भिंती, वर निळं आकाश. इंगुन दर दोन मिनिटांनी मागे वळून ब्रागेला हात लावून बघत होती. आपण आजवर योरुनला किती पत्रं पाठवली, ते ती मनात मोजायला लागली आणि अर्ध्यावर सोडून दिलं.

लाल घर आलं तेव्हा बारा वाजायला आले होते. दारासमोर बर्फात स्कीच्या बारा जोड्या ताठ रोवून ठेवल्या होत्या. माणूस एकही नाही. भरदुपारी सगळे पडदे ओढलेले. वळचणीखाली जुळ्यांची रुंद बाबागाडी उभी होती. इंगुनने आत वाकून बघितलं. दोन्ही जागा रिकाम्या होत्या, आणि गादीवर वळचणीवरून घसरलेला हलकासा बर्फ साचला होता.

कुठूनही आवाज येत नव्हता. बारा माणसं असलेलं घर इतकं गप्प कसं असेल?

दार आतून उघडलं. पांढऱ्या भुवयांचा एक उंच म्हातारा ओठांवर बोट ठेवून उभा होता. त्याच्या मागे अंधारात लोकरीचे मोजे घातलेली माणसं जमिनीवर भिंतीला टेकून ओळीने बसली होती. कुणी हलत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांचे डोळे मधल्या सतरंजीकडे लागले होते. तिथे दोन बाळं पालथी झोपली होती, आणि दोघांच्याही पाठीवर एकेक सुरकुतलेला हात होता. कोपऱ्यात एकजण काट्याने गाजर कुस्करत होता.

"दिवा लावू नकोस," हालवार कुजबुजला. "तूच लिहिलंयस."

"योरुन कुठे आहे?"

हालवारने काखेतली वही काढली. डोंगरातल्या घरी जे जे घडेल ते वेळ आणि तापमान टाकून लिहायची त्याची सवय होती. त्याने वही तिच्यापुढे धरली.

'११:१२. उणे सहा, वारा नाही. लाल घर. मागच्या पायरीवर बाई बसलेली, पायांत नुसते मोजे. काहीतरी पुटपुटते, बोटं मोजते. आम्ही टाळ्या वाजवल्या.'

"टाळ्या?"

"आम्हाला वाटलं, तुझी नटी आहे." हालवारने वही मिटली. "मी म्हणालो सुद्धा, बाई, फार छान काम करता. ती बघेचना माझ्याकडे. माझी बायको पुढे झाली आणि तिने हात धरला, तर तो बर्फासारखा गार. इतकं छान काम कोणी करत नाही गं."

योरुन आतल्या खोलीत चार रजयांखाली होती. हालवारच्या बायकोने तिचे पाय स्वतःच्या स्वेटरखाली, पोटाशी धरले होते. त्या बाईने आयुष्यभर दायीचं काम केलं होतं, त्यामुळे तिला यात काही विशेष वाटत नव्हतं. बोडिल काही न विचारता पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली आणि योरुनचे हात चोळायला लागली.

"एकाला मीच आत नेऊन ठेवलं होतं," योरुन म्हणाली. एकेक शब्द कुठून तरी ओढून आणल्यासारखा येत होता. "कधी नेलं ते आठवतच नाही. बाहेर आले तर एकच दिसलं. शोधलं, शोधलं. मग जरा बसले. अकरा दिवस झाले, दोघं आलटून पालटून उठतात. तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, चला, कुणाला तरी कळलं."

"तू उत्तर पाठवलंस मला."

"मी? कधी?"

इंगुनने फोन पुढे केला. योरुनने स्वतःचं वाक्य दोनदा वाचलं, परक्या बाईचं वाचावं तसं.

"पण मी इतके महिने पत्रं पाठवतेय तुला," इंगुन म्हणाली. "दर गुरुवारी."

"हो की. सगळी वाचली. छान असतात." योरुनचे डोळे मिटत होते. "सगळ्यांत बाळ कसं आहे ते असतं."

रुग्णवाहिका आली. पायाची बोटं वाचली, पण थोडक्यात, असं त्यांनी सांगितलं. हालवारच्या मंडळींनी तिथल्या तिथे बाळांजवळ राहायच्या पाळ्या लावल्या: सोमवारपर्यंत दिवसा चौघं, रात्री दोघं. सोफ्यावर पाय वर घेऊन बसणारा मेव्हणा रात्रीच्या पाळीला स्वतःहून तयार झाला. निघताना हालवार गाडीपर्यंत आला आणि काचेवर टकटक केली.

"ते खुनाचं राहू दे," तो म्हणाला. "आठव्या महिन्यात काय होतं ते तेवढं पाठव. सगळे विचारतायत."

परतीच्या रांगेत बराच वेळ थांबायचं होतं. बोडिल गाडी चालवणार होती. ब्रागे मागे घोरत होता. इंगुनने लॅपटॉप उघडला. सुरुवात तिने या वेळी तीन तऱ्हांनी लिहिली नाही. एकदाच लिहिलं आणि सगळ्यांना पाठवलं:

'आज सल्ला नाही आणि कोडंही नाही. तुमच्या ओळखीत अशी एकजण असेल. कसं चाललंय विचारलं की मिनिटात कळवते, "छान". तिच्या बाळाला किती दात आले, ते तुम्हाला ठाऊक असतं. ती शेवटची कधी झोपली, ते ठाऊक नसतं. आत्ता हे वाचताना जिचं नाव मनात आलं, तीच. तिला फोन करत बसू नका, ती उचलणार नाही. बूट घाला आणि जाऊन बघून या.'