सासऱ्यांसाठी बिनधुराची सिगारेट

खरं तर त्या संध्याकाळी मी गप्प बसून आमटीभात जेवायला हवा होता. पण हिमानी म्हणाली, "बाबांच्या कुडत्याच्या खिशात पुन्हा पाकीट सापडलं," आणि मी बोलून गेलो, "डोन्ट वरी, मी बघतो." ही 'मी बघतो' म्हणायची खोड मला फार नडते. (आमच्या गॅरेजचं दार मी बघितल्यापासून हातानेच उचलावं लागतं.)

बाबा म्हणजे माझे सासरे. मार्चमध्ये सासूबाई गेल्या आणि हिमानी त्यांना नागपूरहून इथे ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला घेऊन आली. त्यांची फुप्फुसं आधीच निम्मी कामातून गेलेली. तिकडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की सिगारेट सुटली नाही तर पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही. आई नुकतीच गमावलेल्या हिमानीला ते वाक्य झोपू देत नव्हतं. भांडी लावता लावता ती मध्येच थांबायची आणि डोळे पुसायची. मला ते बघवत नसे.

रोज चहा झाला की बाबा मागच्या पॅटिओवर जाऊन बसत. बाहेर ह्यूस्टनचा तो वाफाळलेला उकाडा, वर डास. आम्ही पडदा ओढून घ्यायचो. वडीलधारं माणूस सिगारेट ओढायला गेलं की आपण पाहिलंच नाही असं दाखवायचं, ही आमच्या दोन्ही घरांची रीत. धुराचा वास कधी आला नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्याचं श्रेय मी वाऱ्याला दिलं.

मी तेलाच्या पाइपलाइनचे व्हॉल्व्ह डिझाइन करतो. सिगारेट म्हणजे तरी काय, एक नळी आणि तिच्यातून जाणारी हवा! बाजारातल्या पर्यायांत एक तर निकोटिन, नाही तर वाफ, आणि बाबांना दोन्ही वर्ज्य. म्हणून मी स्वतःच बिनधुराची सिगारेट करायला घेतली. वासासाठी नळीत एक लवंग ठेवली आणि आतून ऊब देणारी बारीकशी तार बसवली. तारेला बॅटरी लागते. मोठी बॅटरी घातली तर ती सिगारेट दोन बोटांत मावेना, लहान घातली तर चहा निवायच्या आत ती निवायची. मधली घातली तर नळी बाहेरून तापायची. म्हणून वर वेष्टण चढवलं, तेव्हा ती बासरीएवढी जाड झाली. एक गोष्ट सुधारली की दुसरी रुसून बसायची. (आमच्या मंडळाच्या कमिटीसारखंच.)

माझ्या हाताशी टेस्टर मात्र उत्तम होता.

"कशी आहे, बाबा?"

"वा, जावईबापू! फर्स्ट क्लास."

"जड नाही ना वाटत?"

"छे, छे. हातात काही तरी असल्यासारखं वाटतं."

प्रत्येक मॉडेल फर्स्ट क्लास. ऑफिसात माझं एकही डिझाइन पहिल्या रिव्ह्यूत पास झालेलं नाही, त्यामुळे मी हुरळून गेलो. नागपूरचा सासरा जावयाच्या हातची कुठलीही वस्तू नावाजतो, कारण मुलगी त्या घरात नांदत असते, हे इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नव्हतं.

त्या भरात मी टोकाला एक लाल दिवा बसवला. झुरका मारला की निखाऱ्यासारखा फुलणारा! पण दिव्याच्या सेन्सरला झुरका कळण्यासाठी हवेची वाट अरुंद करावी लागली. वाट रुंद ठेवली तर ओढायला सोपं, पण दिवा लागेना. मी दिवा निवडला.

शनिवारी संध्याकाळी मी हिमानीला मुद्दाम पॅटिओवर बोलावलं. बाबांनी ओढलं. दिवा मिणमिणला.

"अजून जरा जोरात, बाबा!"

त्यांनी जोर केला. दिवा फुलला आणि मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी पुन्हा ओढलं, पुन्हा ओढलं. माझं लक्ष दिव्याकडे. त्यांचे ओठ निळे पडलेत हे हिमानीला दिसलं.

"अनीश! बाबांना श्वास घेता येत नाहीये!"

फुप्फुसांची डॉक्टर असलेली हिमानीची मैत्रीण रीमा त्या दिवशी जवळच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर होती, हे आमचं नशीब. ऑक्सिजन लावल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला. रीमाने ती नळी स्वतः ओढून पाहिली आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खुर्ची शोधू लागलो.

"काका, एवढं ओढवत नव्हतं तर थांबायचं ना?"

"जावईबापूंनी फार मेहनत घेतली होती."

"बरं, शेवटची सिगारेट कधी ओढलीत?"

बाबांनी हिमानीकडे पाहिलं. "हिची आई गेली, त्याच्या आदल्या दिवशी."

हिमानी कशीबशी म्हणाली, "आणि खिशातलं पाकीट?"

"ती ते माझ्यापासून लपवायची आणि मी फार चिडलो की स्वतःच काढून द्यायची. टाकवत नाही गं."

"मग रोज बाहेर कशाला बसायचात?"

"मी ओढायला बसलो की ती दाराशी येऊन ओरडायची, 'पुरे झालं, आत या.' म्हणून बसायचो. तुम्ही पोरं फार सभ्य. कोणी ओरडलंच नाही."

हिमानी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. मीही रडलो. चार महिने मी त्या माणसाला नळ्या बनवून देत होतो आणि त्याला काय हवंय, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

सोडताना रीमाने ताकीद दिली, "काका, यापुढे घरात खरं बोलायचं. हे औषध समजा."

बाबांनी गाडीतच औषध सुरू केलं. नळी जड होती. तिची चव दाताच्या दवाखान्यासारखी होती. माझा चहा पांचट असतो. मी ब्रेक फार उशिरा मारतो. मागच्या सीटवर हिमानी रडता रडता हसायला लागली, तेव्हा मी धीर करून विचारलं, "आईंना तरी मी पसंत होतो ना?"

बाबांनी सीटबेल्ट जरा सैल केला.

"ती साखरपुड्याच्या दिवशीच म्हणाली होती, मुलगा हुशार आहे, पण समोरच्याचं ऐकून घ्यायचा नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, आता हॉल बुक झालाय."