बिनमुंडीचे सरदार

वामनकाकाजींच्या घरी गेलात तर आधी सरदारांना नमस्कार करावा लागतो. सरदार ओसरीत उभे असतात. त्यांना मुंडकं नाही, हात नाहीत, पायही नाहीत. बांबूच्या दांड्यावर गोणपाट शिवून त्यात कापूस ठासलेला, इतकंच. पण अंगावर पोशाख मात्र पूर्ण: पांढरी बाराबंदी, कमरेला लाल शेला, खांद्यावर ढाल अडकवायचा पट्टा. नमस्कार न करता कोणी पुढे गेलं की शिलाई मशिनीवरून काकाजींचा आवाज येतो, "घरातलं मोठं मानूस उभं हाय, दिसत नाई काय?"

सिलिंडर आणणारा माणूससुद्धा ओझं खाली ठेवून आधी सरदारांना हात जोडतो. नाहीतर काकाजी सही करत नाहीत.

काकाजी सौंसरचे निवृत्त पोस्टमन. लोधीखेड्याच्या बाजूची गावं त्यांनी आयुष्यभर सायकलवर पालथी घातली. थैलीच्या ओझ्यानं डावा खांदा खाली आला तो आलाच. ते उभे राहिले की भिंतीवरच्या कललेल्या फोटोसारखे दिसतात. मला तर दर वेळी उठून त्यांना सरळ करावंसं वाटतं. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतात, "लोकाइच्या लग्नाच्या पत्रिका वाटता वाटता राहूनच गेलं ना ताई." आई होती तोवर आईसोबत राहिले. आई गेल्यावर तिची शिलाई मशीन राहिली, आणि त्या मशिनीवर काकाजी आमच्या वॉर्डाच्या शिवजयंतीचे पोशाख शिवू लागले.

या मिरवणुकीची व्यवस्था माझ्याकडे असते. मार्ग, पाणी, पोरांची हजेरी, पोशाख, परत आलेले पोशाख, परत न आलेले पोशाख. मला यादी केल्याशिवाय झोप येत नाही आणि यादीतलं काम वेळेत झालं नाही तर जेवण जात नाही. त्यामुळे काकाजींशी माझं भांडण ठरलेलं. त्यांच्या बाराबंदीला खरोखर बारा बंद असतात आणि ते सगळे बांधावेच लागतात. पन्नासेक पोरांचे बंद बांधता बांधता ऊन डोक्यावर येतं.

"काकाजी, निदान लहान पोरांना तरी बंदांऐवजी वेल्क्रोची चिकटपट्टी लावा," मी एकदा म्हटलं. "त्यांना लघवीला जायचं असतं."

"बाराबंदी वर असते ताई, लघवी खाली."

"अहो, पण वेळ किती जातो! शत्रू दाराशी आला तर मावळा काय बंद बांधत बसणार?"

"मावळा रातीही सोडत नव्हता बंद," काकाजी सुईत दोरा ओवत म्हणाले. "तुमच्यासारखा गाऊन घालून झोपत नव्हता."

पुढच्या वर्षी पोरांनी मोबाइलसाठी खिसा मागितला. काकाजींनी मशीन थांबवली, सरदारांकडे वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आयकलं काय? खिसा पायजे म्हन्ते." सरदार काही बोलले नाहीत. "पाहा, त्याईलेही नाई पटलं."

एस, एम, एल हे त्यांना मंजूर नाही. प्रत्येक मावळ्याचं माप वेगळं घ्यायचं. आणि माप घेताना त्याला विचारायचं, "नाव काय तुयं?"

"मावळा."

"मावळा हे काय नाव हाय काय बे? तू सखाराम. घाटाखालचा. घरी दोन बैल अन् एक गाभन गाय. आता चालून दाखव."

आणि खरं सांगते, तो पोरगा गाभण गाय घरी सोडून आल्यासारखाच चालू लागतो.

एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, लोक महाराजांना बघायला येतात. मावळ्यांकडे कोण बघतं?"

काकाजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "महाराजाले सारं गाव पाह्यते, ताई. मावळ्याले फक्त त्याची माय पाह्यते. अन् माय लय बारीक पाह्यते."

तेव्हापासून चिकटपट्टी हा विषय मी यादीतून काढून टाकला.

एक गोष्ट मात्र मला बरीच वर्षं कळली नाही. जितके पोशाख सांगावेत त्यापेक्षा एक जास्त शिवलेला असायचा. कोणाचा म्हणून विचारलं तर उत्तर एकच, "सरदाराचा." तो पोशाख कोणालाच यायचा नाही. पोट सुटलेलं, बाह्या आखूड, आणि एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. "सरदारांचं पोट जरा कमी करा, म्हणजे पोशाख कोणाच्या तरी कामी येईल," असं मी सुचवून पाहिलं.

"कापूसच तसा बसला ना. पांढुर्ण्याचा कापूस हाय, कोनाचं आयकत नाई."

यंदा आमच्या समितीचे अध्यक्ष बदलले. हार्डवेअरचं दुकान चालवणारा तरतरीत तरुण. त्यानं बैठकीत ठरवून टाकलं की पोशाख नागपूरहून भाड्यानं आणायचे. चकाकणारं सॅटिन, सोनेरी काठ, मागून चिकटपट्टी. काकाजींना हे सांगायचं काम अर्थातच माझ्या यादीत आलं.

मी गेले. सरदारांना नमस्कार केला. मग सांगितलं.

काकाजी मशिनीच्या चाकावर हात ठेवून बसून राहिले. "मंग मिरवणूक येळेवर निघन," ते म्हणाले. "तुले बरं."

मला काही बरं वाटत नव्हतं.

"मी मांगं चालू ना, ताई? सुई-दोरा घेऊन? सॅटिन हाय म्हन्ते. उसवन ते."

दर वर्षी ते मिरवणुकीच्या मागे सुई-दोरा घेऊन चालायचेच. पण परवानगी कधी मागितली नव्हती. "चाला की," मी म्हटलं. निघताना पाहिलं तर सरदारांच्या अंगावर या वर्षीचा नवा पोशाख होता. तेवढा एकच त्यांनी शिवला होता.

शिवजयंतीच्या सकाळी सगळी पोरं झटपट तयार झाली आणि दिवाळीच्या मिठाईच्या डब्यांसारखी चमकू लागली. काकाजी कोपऱ्यात उभे राहून कोणाची तरी उसवलेली काख शिवत होते. तेवढ्यात कळलं की महाराजांच्या पालखीचा एक भोई आलाच नाही. तिगावच्या बाजूला त्याचा संत्र्याचा बगीचा. व्यापाऱ्याची गाडी अचानक आली म्हणून तो संत्री भरून द्यायला गेला होता. पोशाख आदल्या दिवशीच घरी घेऊन गेलेला. फोन लागत नव्हता.

"काकाजी, सरदारांचा पोशाख आणता?" मी म्हटलं.

ते धावतच घेऊन आले. अध्यक्षांनी आपल्या उंच भावाला पुढे केलं. त्याच्या अंगात बाराबंदी घातली, तर पोटाशी आणखी एक माणूस मावेल एवढी जागा, बाह्या कोपरापर्यंत, आणि डावा खांदा फांदीवरून घसरलेल्या फडक्यासारखा लोंबलेला. पोरं फिदीफिदी हसली.

"टाके घालून देतो, थांबा," काकाजी पुढे झाले. सुईत दोरा ओवायला ते माझ्याशेजारी उभे राहिले: हात आखूड, पोट पुढे, डावा खांदा खाली.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या बाराबंदीकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे.

"काकाजी, सुई द्या इकडे. हा पोशाख तुम्ही घाला."

"मी? मी तं मांगं..."

"घाला म्हणते ना."

त्यांनी सुई माझ्या हातात दिली. मग सदऱ्याच्या गुंड्या काढत पुटपुटले, "डाक वाहिली जन्मभर. महाराज नाई वाहवनार काय?"

बंद मी बांधले. बाराच्या बारा. काकाजी सरदारांसारखे ताठ उभे होते, फक्त मध्येच म्हणाले, "सरकगाठ मार ताई, नाईतं सुटन नाई." पोशाख अंगावर असा बसला की कुठे टाका घालायची गरज नव्हती. मिरवणूक उशिरा निघाली, आणि या वेळी उशीर माझ्यामुळे झाला.

काकाजींनी पालखीचा मागचा कोपरा डाव्या खांद्यावर घेतला. पालखी त्या कोपऱ्याला जरा कललेली. बाजारात शिरलो तशा दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून हाका सुरू झाल्या. "ए पिंट्या, इकडं पाह्य!" "अवं, फेटा सांभाळ ना बाळा!" ज्याला त्याला आपापली आई सापडत होती. काकाजी समोर बघत चालले होते. पण प्रत्येक ओटा आला की त्यांची नजर क्षणभर वर जायची आणि खाली यायची.

माझी जागा मिरवणुकीच्या पुढे, शिटी घेऊन. मी शिटी अध्यक्षांच्या हातात दिली, गर्दीतून वाट काढत किराणा दुकानाच्या ओट्यावर चढले आणि बायकांमध्ये जाऊन उभी राहिले. पालखी जवळ आली तशी जमेल तेवढ्या मोठ्यानं ओरडले, "काकाजी! इकडं पाहा!"

त्यांनी वर पाहिलं. मी त्यांना बघितलं, अगदी बारीक. शेल्याची घडी, बाह्यांचे काठ, एकेक बंद.

काकाजींनी छाती भरून श्वास घेतला. डावा खांदा वर आला, आणि माझ्यासमोरून जाईपर्यंत पालखी सरळ चालली.