पास शे का?

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि मी पदवीधर झालो ते भिकनआबांमुळे. आबा शिक्षक नव्हते, नातेवाईकही नव्हते. ते आमच्या गावच्या मुक्कामी गाडीचे कंडक्टर होते, आणि कोणाशीही त्यांचं बोलणं एकाच प्रश्नाने सुरू व्हायचं : "पास शे का?"

आबा धुळ्याकडचे. त्यांचं 'शे' म्हणजे 'आहे'. जामनेरपुढच्या आमच्या गावात मात्र 'शे' म्हणजे शंभर. बारावीपर्यंत गावातच शिकलेला मी, कॉलेजच्या पहिल्या दिवशी गाडीत बसलो. गाडीच्या खडखडाटात आबांचा प्रश्न मला ऐकू आला तो असा : "पाचशे का?" निकाल नुकताच लागला होता. वाटलं, मार्क विचारताहेत. नवाकोरा पास खिशातच ठेवून, मान खाली घालून मी म्हणालो, "नाही आबा, चारशे वीस."

सगळी गाडी हसली. आबा हसले नाहीत. तिकिटाचं मशीन बगलेत दाबून म्हणाले, "चारसोबीस शे, पण खरं बोलना. बस." त्यांचं 'बोलना' म्हणजे 'बोलला'. तेव्हापासून माझं नाव चारसोबीसच.

मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात येते, रात्रभर पाराजवळ थांबते आणि पहाटे जळगावला निघते. ही ड्युटी कोणालाच नको असते. डास चावतात, अंघोळ हापशावर. आबा मात्र ती मागून घेत. पहाटे गल्लीगल्लीत जाऊन कॉलेजच्या पोरापोरींची दारं वाजवत. "पास शे ना? मंग उठ." एखादी मुलगी आतून वेणी राहिली म्हणाली, की गाडीत येऊन ड्रायव्हरला सांगत, "येवानी शे. वेनी चालू शे." बाकीचे प्रवासी कुरकुरत. आबा तोवर शांतपणे खिडक्यांच्या काचा पुसत बसत.

मी दुसऱ्या वर्षाला असताना बातमी आली, की गाडी तोट्यात आहे, बंद होणार. पासवाल्या पोरांचं तिकीट फाटत नाही, त्यामुळे आमची खच्चून भरलेली गाडी कागदावर रिकामी दिसायची. जळगावला खोली घेऊन राहणं आम्हाला झेपणारं नव्हतं. वडिलांनी सांगून टाकलं, गाडी आहे तोवर कॉलेज, नंतर माझ्यासोबत कापसाच्या जिनिंगवर कामाला.

मग आबा संध्याकाळी पारावर बसून जळगावचं गुणगान करू लागले. कोणाला चष्म्याचा नंबर तपासायला सांग, कोणाला दात दाखवायला, कोणाला भाचीची आठवण करून दे. त्यातही अट होती : "म्हाताऱ्यास्ले नका धाडा, त्यास्ले अरधं तिकीट शे." माझ्या काकांचं जळगावात काडीचं काम नव्हतं. तरी ते उठून जायचे आणि भरीत-पुरी खाऊन परतायचे. काकूने एकदा विचारलं, तिथे एवढं काय असतं तुमचं? काका म्हणाले, "पोराचं कॉलेज."

गाडी बंद झाली नाही.

शेवटच्या वर्षी मी आबांना विचारलं, बाकीचे कंडक्टर घरी जायची ड्युटी मागतात, तुम्ही मुक्काम का मागता? एव्हाना मला एवढं कळलं होतं, की आबांच्या पत्नी वारल्यात आणि मुलगा सुरतेत स्थायिक झालाय. आबा घंटीच्या दोरीची सैल गाठ आवळत होते. वर न बघताच म्हणाले, "घर जाईसन काय करू? तठे उठाडाले कोन शे?"

मग ते पुढच्या बाकावर पेंगणाऱ्या माणसाकडे वळले. "पास शे का?"

आता ते निवृत्त होऊन धुळ्यात, देवपुरात राहतात. गाडीच्या आवाजाने कान गेलेत, फोनवर काही ऐकू येत नाही. म्हणून मागच्या आठवड्यात पत्र लिहिलं.

तीर्थरूप आबांस,

साष्टांग नमस्कार.

निकाल लागला. एम. ए. झालो. पास शे.

गाडी अजून मुक्कामाला येते. नवा कंडक्टर भला माणूस आहे, पण दारं वाजवत नाही. धाकटी मंगल यंदा कॉलेजला जाऊ लागली. तिचा पास काढलाय, पण गाडी चुकतेच. आईच्या हाकेला ओ देते आणि कूस बदलते.

ओसरीवर तुमची खाट टाकून ठेवली आहे. मुक्कामाला या.

तुमचा,
चारसोबीस