दहापर्यंत मोजायचं

विज्ञानाच्या सरांनी बावीस वर्षांत वर्गाला एकच प्रश्न विचारला होता, "समजलं का?" आणि वर्गाने एकच उत्तर दिलं होतं, "हो सर!" चाचणीत मात्र अर्धी सातवी नापास झाली. मुख्याध्यापिका मॅडमनी सांगून टाकलं, "मंगळवारी तुमच्या तासाला येऊन बसते. मुलं विचार करताना दिसली नाहीत, तर वर्ग दुसऱ्याकडे जाईल. तुम्ही सामानाची खोली सांभाळा."

सामानाची खोली म्हणजे मोडकी बाकं आणि उंदीर. सर तोंड पाडून घरी आले.

लेकही शिक्षिकाच. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही घरीही तसंच विचारता. 'जेवलीस का?' 'हो.' संपलं बोलणं!"

"बोलायचं खातं तुझ्या आईकडे होतं," सर म्हणाले.

लेकीने आईच्या हार घातलेल्या फोटोकडे एकदा पाहिलं. मग तिने कागद पुढे ओढला. 'बर्फ पाण्यावर तरंगतो, हो की नाही?' हा सरांनी मंगळवारसाठी काढलेला प्रश्न खोडून तिने लिहिलं, 'काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फ तरंगतोय. तो वितळल्यावर काय होईल? तुम्हाला तसं का वाटतं?'

"आणि विचारलं की मनात दहापर्यंत मोजायचं. तोवर चकार शब्द काढायचा नाही." सरांनी तसा शब्द दिला.

मंगळवारी मॅडमनी आपली फाईल सरांच्या टेबलावर ठेवली आणि त्या शेवटच्या बाकावर बसल्या. सरांनी टेबलावर बर्फ घातलेला काठोकाठ पेला ठेवला, प्रश्न विचारला आणि मोजायला लागले.

प्रश्न विचारून गप्प बसलेले सर कोणी पाहिलेच नव्हते. चारवर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, बरं वाटत नाहीये का?" सरांचा आकडा चुकला. त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. मॉनिटर वहीने वारा घालू लागली. सर पुन्हा एकवर आले.

"ओठ हलतायत, पण आवाज नाही!" कोणीतरी ओरडलं. दोघी धावत जाऊन खेळाच्या सरांना घेऊन आल्या. त्यांनी सरांचं मनगट धरलं. "सर, माझ्याकडे बघा. मी कोण?"

लेकीला दिलेला शब्द मोडायचा कसा? सरांनी आठ बोटं दाखवली.

"कामातून गेले!" म्हणत खेळाच्या सरांनी टेबलावरचा पेला उचलायला हात घातला. "घोटभर पाणी घ्या आधी."

"तो नको!" अख्खा वर्ग किंचाळला. "अजून वितळला नाही!"

"वितळला की सांडणारच," खेळाचे सर म्हणाले.

"का सांडेल? बर्फाने पाण्यात जागा आधीच घेतलीय!"

"आणि वर डोकावतोय तो भाग कुठे जाईल गं?"

"बर्फ वितळला की आकसतो, माठ्या!"

मॅडम पुढे आल्या आणि पेल्याजवळची आपली फाईल उचलून घेतली. "सांडणार हे उघड आहे."

"दहा!" सर मोठ्याने म्हणाले. कोणाचंच लक्ष नव्हतं.

तास संपेपर्यंत वाद चालला. शेवटचा खडा वितळला. पेला काठोकाठच, थेंबही सांडला नाही.

"मॅडम," पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "तुम्हाला सांडेल असं का वाटलं होतं?"

मॅडमनी उत्तराऐवजी फाईल उघडली. आत छापलं होतं, 'शिक्षकांचे प्रश्न विचार करायला लावतात का? हो / नाही.'

"असला प्रश्न कोणी काढला?" त्या म्हणाल्या.

"तुम्हीच, मॅडम," सर हळूच म्हणाले.

मॅडमनी ती ओळ खोडली. "सातवी तुमच्याकडेच राहील. उद्या मी पुन्हा येऊन बसते." दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. "आणि पाणी का सांडलं नाही, हे एवढ्यात कोणाला सांगू नका. मलासुद्धा."