तळघराच्या स्वारीची आणि झटपट भरणाऱ्या विजेरीची हकीकत

पृथ्वीवर अंधार आधीपासून होता, उजेड मागाहून आला, आणि उजेडाचे बटण नेमके कोणते हे कळण्यास त्याहूनही उशीर जाहला, ही गोष्ट थोरामोठ्यांनी कोठे लिहून ठेविली नाही. सबब ती लिहिण्याची कामगिरी अस्मादिकांकडे आली. अस्मादिक म्हणजे पोलीस ठाण्याच्या दफ्तरखान्याचे हवालदार, बावीस वर्षे एकच टेबल लढवून असलेले, ज्यांस ठाण्यातील लहानथोर 'बोरूबहाद्दर' म्हणून हाक मारितात, आणि ज्यांनी आजवर पेनापलीकडे कोणतेही हत्यार रागाने उगारिले नाही. पुढील वर्तमान डोळ्यांनी पाहिले तैसे लिहितो. जेथे डोळे दिपले होते तेथे कानांनी ऐकिले तैसे लिहितो. अधिकउणे असेल ते वाचणाराने पदरात घ्यावे.

वर्तमान ऐसे की, मंगळवारी सकाळी वरिष्ठ कचेरीतून एक खोका दाखल जाहला आणि खोक्यासंगे खलिता आला. खलित्यातील मजकूर येणेप्रमाणे की, ही खास पोलिसी कामाची विजेरी आहे, ही पंधरा मिनिटांत भरते, हिचा उजेड पडताच समोरच्या इसमाचे डोळे दिपून तो जागीच थबकतो. तरी एक दिवस वापरून पहिला अनुभव संध्याकाळचे आत लिहून धाडावा. ठाण्याच्या प्रमुख बाईसाहेब, करड्या शिस्तीच्या आणि कमी बोलण्याच्या, यांनी खलिता वाचून चहूकडे नजर फिरविली. गस्तीचे शिलेदार गस्तीवर होते, तपासाचे तपासावर होते, एक मोठा धिप्पाड वीर दाढदुखीने हैराण होऊन रजेवर होता. मग नजर फिरत फिरत दफ्तरखान्याच्या दारावर येऊन थांबली.

"तुम्हीच घ्या," बाईसाहेब म्हणाल्या. "लिहायचंच तर आहे."

या वाक्यात मानखंडना होती हे अस्मादिकांस दुपारनंतर कळले. त्या घडीस मात्र छाती फुगली, आणि खोका दोन्ही हातांनी उचलून आम्ही दफ्तरखान्यात नेला आणि दार लोटून घेतले.

हत्याराचे वर्णन ऐसे: वीतभर लांब, काळेकभिन्न, मुठीत घट्ट बसावे म्हणून अंगावर खाचा, तोंडाशी पोलादी दातेरी कडे, गाडीची काच फोडून आतला माणूस सोडविता यावा म्हणून, मागे एक बटण, कुशीस एक बटण, आणि पोटाशी चार ठिपके, जे भरतीचे मान दाखवितात. सोबत माहितीपुस्तिका होती, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत अकरा भाषांत छापिलेली, पैकी अस्मादिकांनी एकही वाचली नाही. शूर पुरुष पुस्तिका वाचीत नसतात, ऐसा आमचा समज होता, आणि चष्माही घरी राहिला होता.

मग मागील बटण दाबिले. दफ्तरखान्यात एकाएकी मध्यान्ह जाहली. बावीस वर्षे ज्या कपाटामागे कोणी पाहिले नाही तेथील जळमटे रुप्यासारखी चमकली आणि एक वृद्ध कोळी आपला मुलूख सोडून चालता जाहला. अस्मादिकांस चेव चढला. कुशीचे बटण दाबिले, मग मागचे दोनदा दाबिले, मग दोन्ही एकदम दाबिली. तो उजेड लखलख लखलख ऐसा फडफडू लागला, जैसी वीज मुठीत धरिली आहे. आणि नेमके त्याच क्षणी बाईसाहेब एका हातात चहा आणि एका हातात फाईल घेऊन दार उघडून आत आल्या.

विजेरीने आपले काम चोख केले. बाईसाहेब जागीच थबकल्या. चहा मात्र थबकला नाही, तो फाईलवर गेला.

"बंद करा ते!"

"मॅडम, बंद कसं होतं तेच बघतोय."

"मग माझ्या तोंडावर काय बघताय!"

मग आम्ही विजेरी काखेत धरिली, तरी ती फडफडतच राहिली. मग टेबलाच्या खणात घालून खण लाविला, तरी फटींतून लखलखाट येतच राहिला, जैसे खणात वादळ कोंडिले आहे. बाईसाहेब निघून गेल्या. अस्मादिक भिजली फाईल पुसत बसले आणि बटणाचे कोडे उलगडेना म्हणून खणाकडे पाठ करून बसले. दोन तासांनी फटी काळ्या जाहल्या. आम्ही मनात म्हटले, शत्रू दमला. दमली होती ती भरती, हे ध्यानी आले नाही.

इतक्यात, दुपारी दीडच्या सुमारास, फर्निचरच्या मोठ्या दुकानातून फोन आला की एक म्हातारे गृहस्थ तळघरातील गोदामात शिरले आहेत, त्या भागातील वीज गेली आहे, आणि ते हाकेला ओ देत नाहीत. गस्तीची गाडी दूर होती. बाईसाहेबांनी अस्मादिकांकडे पाहिले, दीर्घ श्वास घेतला, आणि हुकूम केला की हवालदारांनी ड्रायव्हरला घेऊन तत्काळ निघावे आणि ते हत्यारही सोबत न्यावे.

ड्रायव्हर म्हणजे ठाण्याच्या जीपचा सारथी, अस्मादिकांहून दोन वर्षांनी लहान आणि अकलेने दहा वर्षांनी थोर. जीप फाटकाबाहेर पडते न पडते तो आम्ही बटण दाबिले आणि काहीच उजळले नाही.

"संपली वाटतं," आम्ही हळूच बोललो.

"सकाळीच आली ना?"

"खणात चालू राहिली होती."

ड्रायव्हरने डाव्या हाताने वायर काढून पुढे केली. "लावा इथे. वाट नऊ मिनिटांची आहे. आणि दादा, जीपमधला जुना टॉर्च बघू नका, त्याचे सेल पाझरलेत. ही भरली तर भरली."

त्या नऊ मिनिटांत अस्मादिकांनी रस्ता पाहिला नाही, माणसे पाहिली नाहीत, केवळ चार ठिपके पाहिले. पहिला ठिपका चौकात उजळला, दुसरा पुलावर उजळला, आणि दुकानाशी जीप थांबली तेव्हा तिसरा लुकलुकत होता. खलित्यात लिहिले ते खोटे नव्हते. खोटा कोणी असेल तर तो वायर धरून बसला होता.

दुकानाच्या दारात त्या गृहस्थांची लेक उभी होती. नर्सचे काम करणारी, कामाच्या पोशाखातच आलेली. तिने सांगितले की बाबांना उंच पाठीची खुर्ची हवी होती. तिने पाठीची उंची मोजण्यापुरती मान वळविली आणि तेवढ्यात वीज गेली आणि बाबा दिसेनासे जाहले. बाबा चौतीस वर्षे दीपगृहावर दिवा सांभाळीत होते. गेली दोन वर्षे आठवण त्यांस सोडून चालली आहे. कधी तिला ओळखतात, कधी नाही. दुकानातील दोन कामगार मोबाईलचे दिवे घेऊन उतरले होते, परंतु हाका ऐकून म्हातारबा आणखीनच आत सरकले, म्हणून त्यांस परत बोलाविले.

मग दुकानदार घाम पुशीत पुढे आले. "एक सांगायचं राहिलं. खाली मालाची लिफ्ट आहे. तिचं दार दुरुस्तीला काढलंय. खड्डा उघडा आहे."

"किती खोल?" लेकीने विचारिले.

दुकानदारांनी खाली पाहिले.

येथवर या हकीकतीत जी थट्टा आहे ती अस्मादिकांची आहे. त्या बाईचा चेहरा त्या घडीस जैसा जाहला त्याची थट्टा करवत नाही.

मसलत जाहली ती ऐशी की, म्हातारबा निसटून वर येऊ लागले तर जिन्यात पडू नयेत म्हणून ड्रायव्हरने जिना धरावा, आणि अस्मादिकांनी एकट्याने आत जावे. विजेरी एकच, आणि ती आमच्या नावे होती.

तळघर म्हणजे दोन लांब दालने, एकासही खिडकी नाही. कपाटे तटासारखी उभी, पलंग एकावर एक रचलेले, खुर्च्या उलट्या घालून पाय वर केलेल्या. आम्ही मागील बटण एकदाच दाबिले आणि विजेरी पुढे रोखून पहिले दालन सर केले. दुसऱ्या दालनाच्या तोंडाशी वळलो, तो समोरून एक धिप्पाड इसम हातात तैसेच हत्यार घेऊन आमच्यावर चालून आला आणि त्याने आमच्या डोळ्यांत सूर्य ओतिला. आम्ही जागीच थबकलो. खलित्यात लिहिले होते तैसेच.

"हात वर कर!" आम्ही ओरडलो.

त्याने केला. एकच केला, कारण दुसऱ्या हातात विजेरी होती. मग ध्यानी आले की आम्हीही एकच हात वर केला आहे. तो ड्रेसिंग टेबलाचा आरसा होता. लाजेने एक पाऊल मागे घेतले, तो पाय स्टुलात अडकला, तोल पुढे जाऊन गुडघा टेकला, आणि विजेरीचे दातेरी कडे आरशावर आपटून आरसा या कडेपासून त्या कडेपर्यंत तडकला. काच फोडण्याचा गुण येणेप्रमाणे सिद्ध जाहला.

त्या आवाजासरशी आतून खणखणीत शब्द आला, "कोण आहे रे तिकडे?"

अस्मादिकांनी उजेड तिकडे फिरविला. वीसेक पावलांवर म्हातारबा उभे होते, ताठ, पांढरा सदरा, कपाळाशी हात आडवा धरिलेला. आणि त्यांच्या टाचांमागे दोन हातांवर जमीन संपली होती. तेथे लिफ्टचा चौकोनी खड्डा होता, आणि आमचा उजेड त्यात शिरून तळाशी पोहोचेना.

आम्ही धाव घेणार, तो उजेडाने दिपून म्हातारबा अर्धे पाऊल मागे सरकले. आम्ही उचललेला पाय तेथेच ठेविला.

"दिवा हलवू नकोस!" म्हातारबा गरजले. "तोंडावर कसला मारतोस? वर धर!"

आम्ही विजेरी छताकडे धरिली. उजेड छतास लागून सगळ्या दालनावर मऊ पसरला, आणि कपाटे, पलंग, तो खड्डा, सगळे दिसू लागले. आम्ही म्हटले, "बाबा, मी येतो तुमच्याकडे. तुम्ही हलू नका."

"तू येतोस?" म्हातारबांस हे मुळीच रुचले नाही. "बोटीनं दिव्याकडे यायचं, की दिव्यानं बोटीकडे?"

अस्मादिकांनी बावीस वर्षांत कित्येक जबान्या लिहून घेतल्या. परंतु ऐसा प्रश्न कोणी विचारिला नव्हता. धावावे तर ते मागे सरतील. न धावावे तर पाहत राहावे लागेल. आणि आम्ही खाली मान घालून उत्तर दिले, "बोटीनं."

"मग गप उभा राहा. दिवा पळायला लागला की बोट खडकावर जाते."

मग आम्ही उभे राहिलो. हात वर, गुडघ्यात कळ, कपाळावरील घाम डोळ्यांत. म्हातारबांनी एकवार छताकडे पाहिले, एकवार आमच्याकडे, आणि खड्ड्याला पाठ तशीच ठेवून पहिले पाऊल पुढे टाकिले. पलंगाच्या कडेवर हात ठेवीत, उलट्या खुर्चीला वळसा घालीत, घाई न करिता, ते एकेक पाऊल येऊ लागले. आमचा हात अवघडला आणि छतावरील उजेड कापू लागला.

"हात थरथरतोय तुझा," ते चालता चालता म्हणाले. "नवा आहेस?"

"बावीस वर्षं झाली नोकरीला."

"कुठे?"

"टेबलावर."

"हं," म्हातारबा म्हणाले. "कोपर अंगाशी धर. मग नाही थरथरत."

आम्ही कोपर अंगाशी धरिले. थरथर खरोखर थांबली. आणि थोड्याच वेळात एक कोरडा, हाडकुळा, उबदार हात आमच्या मनगटावर पडला, आणि जिना येईतो तो तेथून निघाला नाही. कोणी कोणास बाहेर आणिले हे ड्रायव्हरने विचारिले नाही. त्याने म्हातारबांस एका बाजूने धरिले आणि अस्मादिकांस दुसऱ्या बाजूने.

वर येताच लेक धावून आली. तिने रागे भरण्यासाठी तोंड उघडिले आणि तिला रडू कोसळले. म्हातारबांनी तिच्याकडे पाहिले, आणि अदबीने विचारिले, "तुम्ही कोणत्या बोटीवरच्या?"

तिने डोळे पुसले. "तुमच्याच, बाबा."

"मग चला," म्हातारबा म्हणाले, आणि तिचा हात धरून उंच पाठीच्या खुर्चीत जाऊन बसले.

येणेप्रमाणे मंगळवारी, तिसऱ्या प्रहरी, तळघर फत्ते जाहले. जायबंदी: गुडघा एक, आरसा एक. हस्तगत: म्हातारबा, सुखरूप. विजेरीविषयी मत ऐसे की, नऊ मिनिटांत अर्ध्याहून अधिक भरते, उजेड बहुत, पकड उत्तम. तोंडावर मारिल्यास माणूस मागे सरतो, छतावर धरिल्यास पुढे येतो, हे पुस्तिकेत कोठे असल्यास अस्मादिकांनी वाचले नाही. शिपायाविषयी विचारिल्यास, तो या लढाईत एके जागी उभा राहिला. बावीस वर्षांच्या चाकरीत यापरता पराक्रम त्याचे हातून घडला नाही, सबब नोंद केली असे.