एकवीस गिअर अन् इंझोरीचा उतार

"देवा, उतर खाली! माही सायकल मोडशीन!"

मोठ्या चुलतभावाचा हा आवाज तीस वर्षं देवानंदच्या कानात घर करून होता. म्हणून तर त्यानं कामरगावच्या रतनसिंगकडून डोंगरात चालवायची जुनी सायकल आणली. "एकवीस गिअर! ट्रॅक्टरलेबी नसतात एवढे!" तो भेटेल त्याला सांगायचा.

त्याच्या बायकोनं, सुकेशनीनं, अट घातली. "इंझोरीले माह्या बाबाले दाखवा. ते हो म्हनले तं ठेवा, नाही तं भंगारात!"

बाबा म्हणजे भिवाजी. जवायाची कोणतीच वस्तू त्यांना आजवर पसंत पडली नव्हती. जवाई धरून!

देवानंद सायकल सजवायला बसला. वेल्डिंगवाल्याकडून कॅरिअर जोडून घेतलं, स्टँड लावला, पोळ्याच्या बैलासारखे गोंडे बांधले. एकच खोट उरली. ब्रेक दाबला की तो चाकाजवळच्या ज्या चकतीला पकडतो, ती कोल्ह्यासारखी किंचाळायची.

"कोरडी पडली बिचारी!" म्हणत त्यानं बायकोच्या शिलाई मशीनचं तेल दोन्ही चकत्यांना मायेनं पाजलं. किंचाळणं थांबलं. लोण्यावरून बोट फिरावं तसं चाक फिरू लागलं!

ते आता थांबणारही नाही, हे त्याला इंझोरीच्या उतारावर कळलं.

खाली डांबरी रस्ता अर्धा अडवून सोयाबीन वाळत घातलेलं. त्यात भिवाजी पायानं दाणे चाळवत उभे. सकाळीच जीपनं आलेली सुकेशनी कडेला.

"मामाजी, बाजूले व्हा!"

"आमच्या गावात आमालेच बाजूले व्हा म्हनता?"

"ब्रेक लागून नाही राह्यला जीऽऽ!"

देवानंदनं दिसेल तो गिअर ओढला. सायकल आणखीच खुलली! घंटी घणघणली, गोंडे नाचले, अन् वरात सोयाबीनमध्ये शिरली. दाण्यांवरून चाक सटकलं. जवाई ढिगात, सायकल सासऱ्याच्या पायाशी, अन् दाणे पार शाळेच्या फाटकापर्यंत!

"अवं माय!" सुकेशनी हसता हसता खाली बसली. "सांगा बाबा, भंगारातच ना?"

भिवाजींनी सायकल उभी केली. एक डोळा मिटून चाक न्याहाळलं. देवानंदच्या तोंडात सोयाबीन होतं, तेही चावायचं तो विसरला.

"तू घरून झाडू आन पयले," ते लेकीला म्हणाले.

ती वळणाआड गेल्याची त्यांनी खात्री केली. मग सीटवरची धूळ धोतरानं पुसून अगदी हळू बोलले,

"जवाईबापू, कोनाले सांगू नका. मले जिंदगीत सायकल चालवता आलीच नाही. मी बसतो, तुमी मांगून धरसान काय?"